जुने ऑटोमॅटिक घड्याळ कसे पारखावे?

तुमच्या घरातल्या कपाटाचा चोरकप्पा एकदा उघडून पाहा. जुन्या पावत्या, चष्म्याची मोडकी काडी आणि चार-दोन नाणी यांच्या सोबतीला एखादे मनगटी घड्याळ पडलेले असण्याचा बराच संभव आहे. आजोबांचे असेल, किंवा वडिलांना लग्नात मिळालेले असेल. ते हातात घेऊन हलवले की आत काहीतरी जड वस्तू फिरल्यासारखी वाटते आणि सेकंदाचा काटा थोडा वेळ चालून पुन्हा थांबतो. दुकानात नेले तर बहुधा असे सांगतात, "मशीन गेले आहे. काढून टाकू आणि सेलचे बसवू. डायल तीच राहील."

हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी चूक. तो मानायचा की नाही हे ठरवण्यापूर्वी घड्याळाची परीक्षा घरीच घेता येते. तिच्यासाठी मोबाइलमधले घड्याळ, शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर, एक होकायंत्र, वही आणि आठवडाभराचा धीर एवढेच साहित्य पुरते. घड्याळ उघडण्याची गरज नाही. किंबहुना ते उघडायचेच नाही, आणि त्याला एक गंभीर कारण आहे.

साधारण १९६० पूर्वीच्या अनेक घड्याळांत अंधारात चमकणारे आकडे आणि काटे असत. त्या रंगात रेडियम मिसळलेले असे. आज ते आकडे चमकत नाहीत, म्हणून रेडियम संपले असे कोणी समजेल, पण तसे नाही. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे. निकामी होते ते त्याच्यासोबतचे झिंक सल्फाइड. म्हणजे प्रकाश गेला तरी किरणोत्सर्ग जवळजवळ तसाच राहतो. अमेरिकेत १९१७ नंतरच्या काळात असे आकडे रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करीत. त्यांच्या पोटात गेलेल्या रेडियमने अनेकींचे जबडे आणि हाडे सडली. तेव्हा जुन्या घड्याळाची काच काढणे, आकड्यांवरचा पिवळट-तपकिरी थर नखाने खरवडणे, त्याची धूळ फुंकरीने उडवणे या गोष्टी कदापि करू नका. तबकडीच्या तळाशी 'टी' हे रोमन अक्षर छापलेले असेल तर तिथे ट्रिटियम वापरले आहे. त्याचा अर्धायुकाल फक्त १२.३ वर्षे असल्याने जुन्या घड्याळात ते फारसे उरलेले नसते.

आता मूळ विषयाकडे वळू.

सोलापूर हे गिरण्यांचे गाव होते तेव्हा निम्मे गाव भोंग्यावर चाले. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या पाळ्यांचा भोंगा झाला की लोक घड्याळ लावून घेत. ज्याच्या हाती घड्याळ असे तो खरोखरच भाग्यवान. सुरुवातीला ही घड्याळे स्वित्झर्लंडची असत. फेव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर, टिटोनी ही नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. मग १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीच्या घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि देशी घड्याळ सामान्य माणसाच्या मनगटावर आले. 'जनता' हे हाताने चावी द्यायचे, तर 'कांचन' हे स्वयंचलित, म्हणजे ऑटोमॅटिक. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आज तिच्या घड्याळांचे सुटे भाग मिळतात ते शिल्लक साठ्यातून किंवा दुसरे घड्याळ मोडून. म्हणूनच एकदा मशीन काढून भंगारात टाकले की ते पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

ऑटोमॅटिक म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. कोणत्याही कमानीच्या घड्याळात गुंडाळलेली मुख्य कमान ऊर्जा साठवते. दात्यांची चाके ती पुढे नेतात आणि तोलचक्र, ज्याला घड्याळजी 'बॅलन्स' म्हणतात, ती ऊर्जा ठराविक ठोक्यांनी खर्च होऊ देते. ऑटोमॅटिकमध्ये याशिवाय मशीनच्या मागच्या बाजूला अर्धचंद्राच्या आकाराचा एक जड तुकडा आसावर मोकळा बसवलेला असतो. त्याला रोटर म्हणतात. मनगट वळले की घड्याळ फिरते, पण रोटरचा गुरुत्वमध्य आसापासून दूर असल्यामुळे तो खाली राहू पाहतो. या सापेक्ष फिरण्याने मुख्य कमान गुंडाळली जाते.

खिशातल्या घड्याळासाठी ही युक्ती अठराव्या शतकातच निघाली होती. पण खिशात घड्याळ हलते किती? मनगटी घड्याळात ती आणली इंग्लंडच्या जॉन हारवुडने. त्याला १९२४ मध्ये स्विस पेटंट मिळाले. त्याचे वजन पूर्ण फेरी घेत नसे, दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटून परत येई. पूर्ण ३६० अंश फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला, आणि १९४८ मध्ये एटर्ना कंपनीने रोटर बारीक छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर बसवला. त्या कंपनीच्या चिन्हातले पाच ठिपके म्हणजे तेच पाच छर्रे!

रोटरमधून ऊर्जा मिळते तरी किती? हिशेब करून पाहू. आकडे अंदाजी आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. समजा रोटरचे वस्तुमान ४ ग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य आसापासून ७ मिलिमीटर आहे. रोटर वरून खाली आला की गुरुत्वमध्य १४ मिलिमीटर खाली येतो. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा: ०.००४ × ९.८ × ०.०१४, म्हणजे सुमारे ०.०००५५ ज्यूल. आता मुख्य कमान पाहा. तिचे सरासरी परिबल ०.००८ न्यूटन-मीटर आणि वेढे ६ धरले, तर पूर्ण गुंडाळलेल्या कमानीत ०.००८ × २ × ३.१४ × ६, म्हणजे सुमारे ०.३ ज्यूल ऊर्जा मावते. म्हणजे रोटर साडेपाचशे वेळा तरी खाली यायला हवा. घर्षणातली घट धरली तर प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच जास्त फेऱ्या लागतात.

एवढ्या ऊर्जेवर घड्याळ सुमारे ४० तास, म्हणजे १,४४,००० सेकंद चालते. भागाकार केला तर शक्ती येते सुमारे दोन मायक्रोवॅट. तुमच्या अभ्यासाच्या टेबलावरचा ५ वॅटचा एलईडी दिवा जेवढी शक्ती खातो तेवढीत अशी चोवीस लाख घड्याळे चालतील! या आकड्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ज्या यंत्राची सारी कमाईच दोन मायक्रोवॅटची, त्याला वाळलेल्या तेलाचा एक चिकट थेंब किंवा धुळीचा एक कणही जड जातो. आपल्या सोलापूरच्या कोरड्या, धुळकट हवेत वीस वर्षे पडून राहिलेले घड्याळ अडखळत असेल तर 'मशीन गेले' असे म्हणण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा ते केवळ मळलेले असते.

परीक्षेची सुरुवात कानाने करा. घड्याळ आडवे धरून सावकाश गोल कलवा. रोटर हलका घरंगळल्याचा आवाज येईल. खरखर किंवा टकटक ऐकू आली तर रोटरचे बेअरिंग झिजून तो झाकणाला घासतो आहे असे समजावे. मात्र रोटर एका दिशेला भिरभिर फिरतो आणि दुसऱ्या दिशेला थोडा अडतो, हा दोष नव्हे. एचएमटीच्या सिटिझनच्या धर्तीवरील ऑटोमॅटिक मशीनमध्ये चावी एकाच दिशेने भरते, दुसऱ्या दिशेला रोटर मोकळा असतो. तसेच सैकोच्या कित्येक जुन्या ऑटोमॅटिक घड्याळांत हाताने चावी देण्याची सोयच नसे. बटण फिरवून काही होत नाही म्हणून ते घड्याळ मोडके ठरवू नका. आणखी एक गैरसमज असा की चावी 'जास्त' झाली म्हणून घड्याळ बिघडते. ऑटोमॅटिकमध्ये मुख्य कमानीचे बाहेरचे टोक पक्के बांधलेले नसते. कमान भरली की ते पेटीच्या भिंतीवरून घसरते. तशी योजना नसती तर दिवसभर हात हलवणाऱ्या माणसाने संध्याकाळपर्यंत कमान तोडलीच असती.

दुसरी परीक्षा ऊर्जेच्या साठ्याची. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात दोष नेमका कोठे आहे ते कळते. दिवसभर घड्याळ हातात घाला, रात्री नऊ वाजता टेबलावर ठेवा आणि ते केव्हा थांबते ते पाहा. तारखेचे घड्याळ असेल तर रात्री जागावेही लागत नाही, थांबलेले काटे आणि तारीख सर्व सांगतात. मग ज्या घड्याळाला हाताने चावी देता येते त्याला तीस-चाळीस वेळा बटण फिरवून पूर्ण चावी द्या आणि न हलवता पुन्हा तसेच ठेवा.

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजोबांचे असे एक घड्याळ आणले होते. आजोबा गिरणीत होते आणि निवृत्तीनंतरही घड्याळ रोज घालीत. दुकानदाराने मशीन संपल्याचा निर्वाळा दिला होता. आम्ही मोजले. दिवसभर हातात घालून ठेवल्यावर ते ९ तासांत थांबे, पण हाताने चावी दिल्यावर ३८ तास चालले. यावरून काय निष्पन्न होते? मुख्य कमान चांगली आहे, चाके चांगली आहेत, तोलचक्र चांगले आहे. दोष आहे तो रोटरपासून कमानीपर्यंतच्या दोन-चार चाकांत. शंभराहून अधिक भागांच्या यंत्रात आपण न उघडता संशयित इतके कमी केले! उलट दोन्ही वेळा घड्याळ ९ तासांतच थांबले असते, तर कमान थकली असावी किंवा सर्वत्र घर्षण वाढले असावे असा तर्क केला असता. त्या घड्याळातले एक लहान चाक बदलून आणि मशीन धुऊन काम झाले.

येथे एक शक्यता विसरू नका. कधी दोष घड्याळात नसून घालणाऱ्यात असतो. खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या वृद्ध माणसाचे मनगट फारसे हलतच नाही. तेच घड्याळ तुम्ही घालून पाहा, मग बोला.

तिसरी परीक्षा ठोक्यांची. तोलचक्राची एक झुलणी म्हणजे दोन ठोके. जुन्या घड्याळांत तासाला १८,००० ठोके असत, म्हणजे सेकंदाला ५. एचएमटीच्या ऑटोमॅटिकमध्ये २१,६००, म्हणजे सेकंदाला ६. पुढच्या काळातल्या अनेक स्विस घड्याळांत २८,८००, म्हणजे ८. कानाने इतके जलद मोजता येत नाही. मोबाइल घड्याळाजवळ ठेवून दहा सेकंदांचा आवाज मुद्रित करा आणि तो चौपट सावकाश वाजवून मोजा. ५०, ६० किंवा ८० ठोके यायला हवेत. ज्या घड्याळात ६० हवेत तिथे ५० येत असतील, तर ते बिघडलेले नाही, त्यात मशीनच दुसरे आहे! टिक आणि टक यांमधील अंतरे सारखी आहेत का हेही ऐका. लंगड्या माणसाच्या पावलांसारखा आवाज येत असेल तर तोलचक्र मध्यस्थितीत बसलेले नाही.

या ठोक्यांमागे तुम्हाला परिचित असलेले भौतिकशास्त्र आहे. केसासारखी बारीक कमान जेवढी पिळावी तेवढ्या प्रमाणात उलट जोर लावते, हा हूकचा नियम. हा नियम पाळणाऱ्या कोणत्याही झुलणाऱ्या वस्तूचा आवर्तकाल झोक्याच्या मोठेपणावर अवलंबून नसतो. तो अवलंबून असतो तोलचक्राच्या निरूढी परिबलावर, म्हणजे त्याचे वस्तुमान आसापासून किती दूर पसरले आहे यावर, आणि केसकमानीच्या ताठपणावर. १६७५ मध्ये हायगेन्सने अशी कमान घड्याळाला लावली आणि हूकने ती कल्पना आपली असल्याचा दावा केला. त्या भांडणात आपण पडायला नको. लक्षात घ्यायचे ते हे की चावी भरलेली असो वा उतरलेली, वेळ जवळपास सारखीच लागते ती या गुणामुळे.

पण ताठपणा उष्णतेने बदलतो. साध्या पोलादाची केसकमान असेल तर एक अंश सेल्सिअस वाढीला घड्याळ दिवसाकाठी सुमारे ११ सेकंद मागे पडते. डिसेंबरातल्या पहाटे आपल्याकडे १५ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश धरले तर फरक २७ अंशांचा, म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच मिनिटे! लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रधातूंचा अभ्यास करून हा प्रश्न सोडवला शार्ल गियोम या शास्त्रज्ञाने. त्याला १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उष्णतेने जवळपास न बदलणाऱ्या त्याच्या मिश्रधातूंच्या धर्तीवर १९३० नंतर केसकमानी बनू लागल्या. त्यामुळे कांचनच्या काळातले घड्याळ उन्हाळ्यात 'मंद पडते' ही तक्रार ऐकली तर उन्हाला दोष देण्याआधी तेलाकडे पाहावे.

चौथी परीक्षा वेळेची. तिच्यात बहुतेक लोक चुकतात. दिवसाला सेकंद असतात ८६,४००. सेकंदाला ६ ठोके धरले तर दिवसात ठोके होतात ५,१८,४००. घड्याळ दिवसाला १० सेकंद पुढे जाते म्हणजे ५,१८,४०० ठोक्यांत ६० ठोके जास्त पडतात. पन्नास वर्षांच्या यंत्राकडून यापेक्षा अधिक काय अपेक्षा करावी?

रोज ठराविक वेळी मोबाइलच्या घड्याळाशी ताडून फरक वहीत लिहा. पण एकाच अवस्थेत ठेवून नव्हे. एक दिवस तबकडी वर, एक दिवस तबकडी खाली, एक दिवस बटण खाली करून उभे आणि एक दिवस बटण वर करून उभे. दर वेळी आधी पूर्ण चावी द्या. समजा दोन घड्याळांचे आकडे असे आले. पहिले चार दिवशी अनुक्रमे ४०, ४२, ३९, ४१ सेकंद पुढे गेले. दुसरे २ सेकंद पुढे, ५५ मागे, ६० पुढे आणि ५ मागे. कोणते घ्याल? दुसऱ्याची सरासरी चूक अर्धा सेकंद येते, म्हणून घाईचा माणूस ते उचलेल. पण खरे चांगले घड्याळ पहिले. त्याची चूक स्थिर आहे. घड्याळजी नियामकाची कडी रेसभर सरकवून ती दोन मिनिटांत काढून टाकतो. दुसऱ्याच्या चुका अवस्थेनुसार बदलतात, म्हणजे तोलचक्राचा समतोल बिघडला आहे किंवा आसाची टोके झिजली आहेत. तिथे काम मोठे आहे.

घड्याळ एकाएकी दिवसाला पाच-दहा मिनिटे पुढे जाऊ लागले तर केसकमान चुंबकित झाल्याचा संशय घ्या. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि झोका लवकर पुरा होतो. पर्सचे चुंबकी बटण आणि ध्वनिवर्धक ही आजची नेहमीची कारणे. चालू घड्याळाजवळ होकायंत्र न्या. सुई नुसती वळली तर त्यात विशेष नाही, आत पोलाद आहेच. पण ती ठोक्यांबरोबर थरथरू लागली तर संशय खरा ठरला. चुंबकत्व काढणे हे घड्याळजीचे मिनिटभराचे काम आहे. अशा घड्याळाचे मशीन काढून टाकणे म्हणजे खोकला झाला म्हणून फुप्फुस काढण्यासारखे होईल.

मोबाइल न वापरता वेळ तपासायची हौस असेल तर आकाश आहेच. सूर्य मात्र येथे उपयोगाचा नाही. सोलापूरचे रेखांश सुमारे ७५.९ अंश आणि भारतीय प्रमाणवेळेचे ८२.५ अंश. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने आपला मध्यान्ह सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांनी होतो. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास येतो. तारे मात्र वक्तशीर. खिडकीला पुठ्ठा चिकटवून त्याला बारीक भोक पाडा आणि त्यातून पाहताना एखादा तारा शेजारच्या इमारतीच्या उभ्या कडेआड केव्हा जातो ती वेळ तुमच्या घड्याळाप्रमाणे लिहून ठेवा. तारा दररोज ३ मिनिटे ५६ सेकंद आधी तेथे पोचतो. सात दिवसांनी तो २७ मिनिटे ३१ सेकंद आधी दिसेनासा झाला पाहिजे. जो फरक पडेल तो घड्याळाचा. इमारत वीस मीटर दूर असेल आणि डोळा एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चूक एका सेकंदाहून कमी येते. ग्रह मात्र निवडू नका, ते ताऱ्यांमधून सरकत असतात.

आता आकाराकडे येऊ. व्हर्नियरच्या जबड्यांत कागदाचे कपटे घाला, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. चार मापे घ्या: बटण सोडून केसचा व्यास, पट्ट्याच्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी, दोन कानांमधील पट्ट्याची रुंदी आणि काचेसह जाडी. जुन्या पुरुषी घड्याळांचा व्यास बहुधा ३३ ते ३६ मिलिमीटर असे. आज ४० मिलिमीटरची सवय झालेल्या डोळ्यांना ती बायकी वाटतात, पण हा केवळ फॅशनचा प्रश्न आहे. मनगटावर बसेल की नाही हे व्यासापेक्षा कानांमधल्या लांबीवर ठरते. मनगटाचा घेर दोऱ्याने मोजा. वरची सपाट बाजू साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. कान त्याबाहेर गेले तर घड्याळ दोन्हीकडे लोंबते. नववी-दहावीच्या मुलाच्या हाताला आजोबांचे घड्याळ नव्यापेक्षा चांगले बसते ते यामुळे.

मशीनचा आकार वेगळा. तो अजूनही 'लिन्य' या जुन्या फ्रेंच मापात सांगतात. एक लिन्य म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर. साडेअकरा लिन्यचे मशीन म्हणजे २६ मिलिमीटर. घड्याळजीने झाकण उघडलेच तर हे पाहून घ्या. मशीन केसमध्ये नेमके बसले आहे की भोवती प्लॅस्टिकची रुंद कडी घालून पोकळी भरली आहे? जुन्या घड्याळात अशी कडी दिसली तर कोणीतरी दुसरेच मशीन बसवल्याचा संशय घ्यावा.

लहान बायकी ऑटोमॅटिक घड्याळे लवकर बंद का पडतात, याचे उत्तरही मापातच आहे. रोटरची सर्व मापे निम्मी केली तर त्याचे वस्तुमान आठवा हिस्सा होते आणि गुरुत्वमध्याचे अंतर निम्मे. ऊर्जा या दोहोंच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, म्हणून ती एकसोळांश! तेल आणि धूळ मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत. तेव्हा लहान ऑटोमॅटिक घेताना साठ्याची परीक्षा अधिक कसोशीने करावी.

तबकडीवरच्या अक्षरांवर भिस्त ठेवू नका. 'ऑटोमॅटिक' असे छापणे सोपे आहे. जुन्या तबकड्या पुसून नव्याने रंगवण्याचा धंदा आपल्याकडे जोरात चालतो. मिनिटांच्या रेघा कडेला असमान पडलेल्या, नावाची अक्षरे जाडी-भरडी, तारखेच्या खिडकीची कड रंगाने भरलेली, अशा खुणा भिंगाखाली लगेच दिसतात. खड्यांच्या संख्येचेही तसेच. हे खडे म्हणजे कृत्रिम माणिक. त्यांचे काम शोभेचे नाही, घर्षण कमी करण्याचे आहे. हिशेब सोपा आहे. तोलचक्राला ४, त्याला धक्का घेण्यासाठी १, अँकरच्या दोन टोकांना २, असे ७. मग अँकरचा आस, एस्केप चक्र आणि पुढची तीन चाके यांना प्रत्येकी दोन, म्हणजे १०. एकूण १७. रोटरच्या चाकांसाठी चार-आठ आणखी धरा. एचएमटीच्या ऑटोमॅटिकमध्ये २१ असतात. एके काळी काही कंपन्या ७७ आणि १०० खडे छापून गिऱ्हाईक भुलवीत. त्यांतले बरेचसे नुसते चिकटवलेले असत. १९७४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने फक्त काम करणारे खडे मोजावेत असे ठरवून दिले.

मग सेलचे मशीन केव्हा बसवावे? तोलचक्राचा आस तुटला आहे, केसकमान गंजून मोडली आहे आणि त्याच जातीचे दुसरे मशीन कोठेच मिळत नाही, तेव्हा. साठा कमी आहे, वेळ पुढे-मागे जाते, घड्याळ हलवल्यावर चालते आणि थांबते, एवढीच लक्षणे असतील तर आधी धुऊन-तेल घालून घ्या. घड्याळजीकडे जाताना आपली वही सोबत न्या. "बंद पडते" असे सांगण्याऐवजी "हाताने चावी दिली की ३८ तास, घातले की ९ तास" असे सांगितलेत तर चांगला कारागीर मान वर करून तुमच्याकडे पाहील. दुरुस्ती झाल्यावर तीच चार अवस्थांची परीक्षा पुन्हा करा आणि आधीचे व नंतरचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. जुनी रबरी चकती कडक झालेली असते, म्हणून मागे 'वॉटरप्रूफ' कोरलेले असले तरी पाणी लागू देऊ नका. आणि सेलचे मशीन बसवण्याचेच ठरले, तर काढलेले मशीन तिथे सोडू नका. छोट्या डबीत घालून मागून घ्या आणि घड्याळाशेजारीच ठेवा.